चेन्नईची सामुदायिक नभोवाणी : विनोद, श्रुतिका आणि गल्लीतले खेळ

देशातील पहिले सामुदायिक नभोवाणी केंद्र चेन्नईत सुरू झाले. १ फेब्रुवारी २००४ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या हस्ते अण्णा विद्यापीठातील ‘अण्णा एफ.एम.’ या केंद्राचे उद्घाटन झाले. ९०.४ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या केंद्राच्या उभारणीत विद्यापीठातील श्राव्य-दृक् संशोधन केंद्राचे डॉ. आर. श्रीधर यांचा प्रमुख वाटा होता. गिंडी परिसरातील विद्यापीठाचे आवार आणि अड्यार नदीकाठच्या कोट्टूरपुरमसारख्या वस्त्या हे त्याचे क्षेत्र. पाठोपाठ २००५ मध्ये नुंगंबाक्कम येथील एम. ओ. पी. वैष्णव महिला महाविद्यालयाचे केंद्र १०७.८ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. पुढे लोयोला महाविद्यालयासह शहरातील आणखी काही संस्थांनी हा मार्ग धरला.

या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. बातम्या आणि चालू राजकीय घडामोडी या दोन्ही गोष्टी सामुदायिक नभोवाणीला आरंभापासून वर्ज्य आहेत. मग रोजचे काही तास भरायचे कशाने? आरोग्य, पोषण, शिक्षण आणि रोजगार हे विषय अर्थातच आले. परंतु सकाळ-संध्याकाळ केवळ उपदेश ऐकणारा श्रोता अद्याप जन्माला आलेला नाही. म्हणून हसवणारा कार्यक्रम, श्रुतिका आणि परिसरातील खेळ या तीन गोष्टींना येथे जे महत्त्व येते, ते मोठ्या वाहिन्यांवरील करमणुकीच्या महत्त्वाहून वेगळे आहे. जे बातमी म्हणून सांगता येत नाही, त्यातील बरेचसे या वाटेने सांगता येते.

क्रिकेटच्या वादातून मोकळी झालेली वाट

या साऱ्याचे मूळ एका क्रिकेट स्पर्धेत आहे, ही गोष्ट फारशी स्मरणात राहिलेली नाही. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची वा कोणा खासगी कंपनीची मक्तेदारी असू शकत नाही, हे त्यातील मुख्य तत्त्व. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. सावंत हे महाराष्ट्राचे. खेळ दाखवण्याच्या हक्कावरून सुरू झालेल्या त्या खटल्याने छोट्या नभोवाणी केंद्रांच्या मागणीला कायद्याचा आधार दिला.

तरीही प्रत्यक्ष परवाने मिळण्यास वेळ लागला. डिसेंबर २००२ मध्ये केवळ शिक्षणसंस्थांना असे केंद्र चालवण्याची अनुमती देण्याचे ठरले. नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण विस्तारले आणि किमान तीन वर्षे काम केलेल्या स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही दार उघडले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ मध्ये १०७.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाली, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. त्याची कंप्रता अण्णा एफ.एम.चीच, म्हणजे ९०.४. प्रक्षेपण इतके आखूड पल्ल्याचे असते, की एकच कंप्रता देशभर अनेक केंद्रांना वापरता येते.

हा पल्ला किती? नियमाप्रमाणे प्रभावी प्रक्षेपण शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत. प्रक्षेपक साधारण ५० वॅटचा असतो. एवढ्या बळावर आवाज ५ ते १० किलोमीटर जातो. उंच इमारतींच्या दाटीत तो त्याहूनही कमी भरतो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, अशीही अट आहे.

चेन्नईला एवढ्या लहान नभोवाणीची ओळख मात्र जुनीच आहे. १६ मे १९२४ रोजी कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन झाला आणि त्याच वर्षी ३१ जुलैपासून ४० वॅटच्या प्रक्षेपकावर त्याचे कार्यक्रम सुरू झाले. पैशाअभावी १९२७ मध्ये क्लब बंद पडला. त्याचा प्रक्षेपक मद्रास महापालिकेने घेतला आणि १ एप्रिल १९३० पासून स्वतः नभोवाणी सुरू केली. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत, म्हणजे आठ वर्षे, एका नगरपालिकेने आपल्या नागरिकांसाठी नभोवाणी चालवली. आज कोणत्याही महापालिकेला असे काही सुचवले, तर अंदाजपत्रकातील शीर्षकापासून अडचण सुरू होईल.

हसवण्याची रीत

नभोवाणीवरील तमिळ विनोदाचा विषय निघाला, की तेन्कच्ची को. स्वामिनाथन यांचे नाव हटकून येते. ‘इन्ऱु ओरु तगवल’ म्हणजे ‘आज एक माहिती’ हा त्यांचा आकाशवाणीवरील सकाळचा छोटेखानी कार्यक्रम. शेतकरी घरातील या माणसाने शेतीविषयक कार्यक्रमांतून सुरुवात केली. एखादी उपयुक्त माहिती, तिला जोडून एक गोष्ट आणि शेवटी एक विनोद, एवढाच ऐवज. बोलणारा स्वतः कधी हसत नसे. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. माहिती आणि हसू यांची ही सांगड छोट्या केंद्रांना फार सोयीची आहे, कारण तिला वाद्यवृंद लागत नाही की महागडे ध्वनिमुद्रण; लागतो तो फक्त सांगणारा.

मराठी श्रोत्यांच्या मागील पिढीला याच जातीचा आनंद मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेने दिला. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही तिघे घरातल्या कुरबुरींमधून महागाईपासून शेजारधर्मापर्यंत सर्व विषय काढीत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे आवाज कित्येक घरांतील माणसांइतके ओळखीचे झाले होते. त्या मालिकेचे बळ आवाजांच्या सवयीत होते. सामुदायिक केंद्रात हे आणखी एक पाऊल पुढे जाते, कारण तेथील मीनावहिनी खरोखरच पलीकडच्या गल्लीत राहत असतात.

तमिळ लोकपरंपरेतही या कामाला उपयोगी असे प्रकार आहेत. ‘विल्लुपाट्टु’ म्हणजे धनुष्याला घुंगरू बांधून त्याच्या तालावर सांगितलेली कथा. मुख्य गायक कथा पुढे नेतो आणि साथीदार ‘आमां’ म्हणजे ‘होय हो’ म्हणत, मध्येच शंका काढत, टर उडवत त्याला अडवतात. आपल्या तमाशातील सोंगाड्याचे किंवा भारुडातील प्रश्नोत्तरांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. ‘पट्टिमन्ऱम्’ हा दुसरा प्रकार. दोन पक्ष एखाद्या घरगुती विषयावर वाद घालतात आणि मधला परीक्षक दोघांच्याही फिरक्या घेत निवाडा देतो. सासू बरोबर की सून, गाव बरे की शहर, असे विषय असतात. पोंगलच्या दिवशी दूरचित्रवाणीवर हा कार्यक्रम नसेल, तर तमिळ घराला सण साजरा झाल्यासारखे वाटत नाही. दोन्ही प्रकार कानांनी पुरते कळतात, आणि छोट्या केंद्राला तेवढेच हवे असते.

येथे थोडे विषयांतर करून सांगण्याजोगे आहे, की कथा रंगवून सांगण्याच्या तमिळ परंपरेवर मराठी ठसाही आहे. तंजावरच्या मराठा राज्यात गेलेल्या मराठी कीर्तनकारांच्या पद्धतीतून तेथील हरिकथेला आजचे रूप मिळाले. निरूपण, मध्येच अभंग, मध्येच कोपरखळी हा बाज दक्षिणेत पोहोचला तो त्या वाटेने.

खरा पेच आहे तो भाषेचा. चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांत ‘मद्रास भाषै’ बोलली जाते. तमिळ व्याकरणाच्या अंगणात तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीने मांडलेला हा खेळ. ‘बेजार’, ‘जल्दी’, ‘नाश्ता’ हे शब्द तेथील रिक्षाचालकाच्या तोंडी ऐकून मराठी प्रवासी चकित होतो. चित्रपटांनी या बोलीचा विनोद पुष्कळ वापरला. पण तेथे बहुधा बोलणारा गरीब असतो आणि हसणारा दुसराच कोणीतरी. सामुदायिक नभोवाणीच्या मार्गदर्शक सूचनांत विशिष्ट वांशिक, भाषिक वा प्रादेशिक गटांची हेटाळणी करणारे चित्रण निषिद्ध ठरवले आहे. मग ही बोली ध्वनिक्षेपकासमोर यावी की नाही? माझ्या मते उत्तर सोपे आहे. त्या वस्तीतील बाई स्वतःच्या बोलीत रेशनच्या दुकानाची नक्कल करते, तेव्हा ती हेटाळणी नसते. निवेदकाने ग्रांथिक तमिळ बोलून त्या बाईची नक्कल करणे ही हेटाळणी. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात दुसरा प्रकार असावा; परंतु भिडस्त संचालक पहिल्यालाही कात्री लावू शकतो.

श्रुतिकेतील पाण्याची रांग

श्रुतिका हा प्रकार नभोवाणीत सर्वांत कष्टाचा. बोलण्याच्या कार्यक्रमाला एक माणूस पुरतो. श्रुतिकेला लेखक, चार-पाच आवाज, तालीम आणि ध्वनिसंयोजन लागते. अण्णा एफ.एम. किंवा एम. ओ. पी. वैष्णव महाविद्यालयाचे केंद्र यांना माध्यमशास्त्राचे विद्यार्थी हाताशी असतात, हा त्यांचा मोठा फायदा. तोटाही त्यातच आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत शिकून बाहेर पडतात. परीक्षा आल्या, की मालिका खंडित होते. श्रोत्याला आवाजाची सवय लागेपर्यंत आवाज बदललेला असतो. यावर आधार असतो तो वस्तीतील स्त्रियांचा. आसपासच्या स्त्रियांनी केवळ ऐकू नये तर कार्यक्रमही करावेत, असा प्रयत्न या केंद्रांनी केला. स्त्रियांचे आरोग्य आणि पोषण या विषयांवर राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या साहाय्याने देशातील अनेक सामुदायिक केंद्रांनी दीर्घ मालिका केल्या. त्यांमागेही हाच विचार होता.

श्रुतिका काय साधू शकते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे प्रमुख तलाव जवळजवळ कोरडे पडले. शहरभर पाण्याच्या टँकरपुढे रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा लागल्या. टँकरला तेथे ‘तण्णि लॉरी’ म्हणतात. ‘आमच्या गल्लीत चार दिवस लॉरी आली नाही’ हे वाक्य बातमी म्हणून उच्चारले, तर नियमाचा प्रश्न येतो. तेच वाक्य रांगेत उभ्या असलेल्या एका पात्राच्या तोंडी घातले, की ते नाटक होते. घागर घागरीवर आपटल्याचा आवाज, लांबून येणारा लॉरीचा भोंगा, ‘माझा नंबर आधी होता’ हे भांडण, आणि त्या भांडणातून कळत गेलेले, की लॉरी कोणत्या गल्लीत थांबते आणि कोणत्या गल्लीत थांबत नाही. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ती गल्ली ठाऊक असते. नाव घ्यावेच लागत नाही. पाचशे किलोमीटर दूर ऐकू जाणाऱ्या केंद्राला हे जमणार नाही. तेथे ती कोणतीही गल्ली ठरेल.

अर्थात नाटक हा बातमीचा पर्याय नव्हे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यारचे पाणी कोट्टूरपुरममध्ये शिरले. शहरात वीज गेली, दूरध्वनी यंत्रणा कोलमडली. अशा वेळी लोकांना श्रुतिका नको असते. कोणता पूल बंद आहे हे हवे असते. आपत्तीच्या सूचना देण्यास सामुदायिक केंद्रांना परवानगी आहे, पण ती स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या माहितीपुरती. त्याच पुरात तामिळनाडूतील कडलूर जिल्हा प्रशासनाने स्वतःच १०७.८ मेगाहर्ट्झवर तात्पुरते आपत्कालीन केंद्र उभारले आणि मदतीची माहिती लोकांपर्यंत पोहोचवली. लहान पल्ल्याच्या नभोवाणीची उपयुक्तता यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. बातम्यांवरील बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती.

खेळाचे समालोचन

बंदीच्या या नियमात एक छोटी खिडकी आहे आणि ती नेमकी खेळाची. कोणत्या गोष्टी ‘बातमी’ समजू नयेत, याची यादी सुधारित मार्गदर्शक सूचनांत आहे. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, सांस्कृतिक उत्सव, नोकरीच्या संधी यांच्या सोबतीने तिच्यात क्रीडाविषयक माहितीही आहे. मोठ्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. परंतु स्थानिक स्वरूपाच्या खेळांचे धावते समालोचन करता येते. अर्थात चेपॉकवरील कसोटी नाही, पण कोपऱ्यावरच्या मैदानातील कबड्डी चालेल.

धावत्या समालोचनाची परंपरा दोन्ही भाषांत समृद्ध आहे. मराठीत बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटला शब्द दिले. तमिळमध्ये तेच काम ज्यांनी केले, त्यांत अब्दुल जब्बार यांचे नाव अग्रभागी आहे; २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु या थोरांनी आखून दिलेली भाषा क्रिकेटची. गल्लीतील खेळांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

कबड्डी नभोवाणीला मानवते. तमिळमध्ये तिचे जुने नाव ‘सडुगुडु’, जसे आपल्याकडे ‘हुतूतू’. दोन्ही नावे दमाच्या आवाजावरून आली आहेत. चढाई करणाऱ्याचा दम, प्रेक्षकांचा कल्लोळ आणि अचानक पकड. ध्वनिक्षेपक रेषेजवळ ठेवला, तर समालोचकाने निम्मा वेळ गप्प बसले तरी चालते. पोंगलच्या सुमारास होणाऱ्या ‘उरियडि’चेही तसेच. टांगलेले मडके काठीने फोडण्याचा हा खेळ दहीहंडीचा नातेवाईकच. फुटबॉल अवघड, कारण मैदान मोठे आणि स्थानिक संघांत खेळाडूंच्या पाठीवर नावे नसतात. समालोचकाला मुले ओळखावी लागतात. तो वस्तीतला असेल तर प्रश्नच नाही. ‘चेंडू इडलीवाल्या आजीच्या नातवाकडे’ हे वाक्य कोणत्याही राष्ट्रीय वाहिनीवर चुकीचे ठरेल. येथे तेच अचूक.

कॅरम मात्र समालोचकाची परीक्षा पाहतो, आणि चेन्नई हे तर कॅरमचे माहेर. दोन वेळा विश्वविजेते ठरलेले आणि अर्जुन पुरस्कार मिळालेले मारिया इरुदयम् याच शहरातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषक स्पर्धेत उत्तर चेन्नईतील काझिमा या रिक्षाचालकाच्या मुलीने तीन सुवर्णपदके मिळवली. सोंगट्यांचा खट् असा आवाज नभोवाणीवर सुरेख येतो, पण सोंगटी कोणत्या कोनातून कोठे गेली, हे दोन सेकंदांत सांगणे कठीण. दादर-परळच्या चाळींत ज्यांनी पटाभोवती उभे राहून खेळ पाहिला आहे, त्यांनी हे करून पाहावे.

येथे नकाशाकडेही लक्ष द्यावे लागते. कॅरम, मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांची खरी वस्ती उत्तर चेन्नईत, वन्नारपेट, रायपुरम आणि व्यासरपाडी या भागांत आहे. व्यासरपाडीत मुलांच्या फुटबॉलवर लोकांचा इतका जीव, की त्या भागाला ‘छोटे ब्राझील’ म्हटले जाते. नावाजलेली महाविद्यालयीन केंद्रे मात्र शहराच्या मध्य आणि दक्षिण भागांत आहेत. अण्णा विद्यापीठ ते व्यासरपाडी हे सरळ रेषेतील अंतर सुमारे बारा किलोमीटर. १०० वॅटच्या आवाजाला ते झेपत नाही. परवाने प्रथम शिक्षणसंस्थांना दिले गेले, त्याचा हा परिणाम. जेथे महाविद्यालय, तेथे नभोवाणी. जेथे मैदान, तेथे ती असेलच असे नाही.

पैसा आणि श्रोता

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी जागतिक रेडिओ दिनी अण्णा विद्यापीठातच दक्षिण विभागाचे सामुदायिक नभोवाणी संमेलन झाले. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी तेथे नवे नियम जाहीर केले. जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे झाला आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांमागे ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. प्रारंभीच्या परवान्याची मुदत दहा वर्षांची करण्यात आली. सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद झाली. त्या वेळी देशात ४८० हून अधिक सामुदायिक केंद्रे होती.

दर वाढला हे खरे. पण ते वीस वर्षांत कोठवर पोहोचले आहे, हे आकड्यांवरून दिसते. श्रुतिकेच्या एका भागासाठी तालीम, ध्वनिमुद्रण आणि संकलन मिळून दोन-तीन दिवस सहज जातात. त्यामानाने गप्पा आणि गाणी स्वस्त पडतात, आणि म्हणूनच निधी आटला की पहिला बळी श्रुतिकेचा जातो.

श्रोत्याच्या हातातील यंत्रही बदलले. २००४ मध्ये सेलवर चालणारा छोटा संच कोणत्याही वस्तीत मिळे. पुढे त्याची जागा भ्रमणध्वनीने घेतली, आणि सुरुवातीच्या भ्रमणध्वनी संचांत एफ.एम. हमखास असे. नव्या स्मार्टफोनमध्ये ही सोय अनेकदा बंद ठेवलेली किंवा मुळातच नसलेली आढळू लागली, तेव्हा २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना ती सुरू ठेवण्याची सूचना केली. अनेक केंद्रे आता इंटरनेटवरूनही कार्यक्रम ऐकवतात. त्यामुळे दूरदेशीचा श्रोता मिळतो. पण ज्या गल्लीची नक्कल केली, त्या गल्लीतल्या बाईला डेटाचे पैसे मोजावे लागतात.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, असे परवान्याचे बंधन आहे. ते तक्रार आल्यास तपासणी करता यावी म्हणून. त्यानंतर ती श्रुतिका, ती नक्कल किंवा तो कबड्डीचा सामना ठेवायचा की पुसायचा, हे प्रत्येक केंद्र आपल्या साठवणुकीच्या सोयीनुसार ठरवते.